विहिरीतली ऊब

डिसेंबरची पहाट. बेळगावजवळच्या खानापूरकडचं हे शिवार अजून धुक्यात आहे. बाहेर 14 अंशांचा गारठा, पण विहिरीतून आत्ताच काढलेली ही कळशी हाताला कोमट लागते. मे महिन्यात याच विहिरीचं पाणी गार वाटेल. आठ-दहा मीटर खाली जमीन वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते. आपल्याकडे साधारण 24 अंश.

या उबेवर स्वीडनमध्ये लाखो घरं तापतात. फ्रिजच्या मागे हात लावलाय कधी? गरम लागतो. आतली उष्णता उपसून तो बाहेर टाकत असतो. हीट पंप नावाचं यंत्र तसंच जमिनीतली उष्णता उपसून पाण्यात सोडतं. वीज खर्च होते ती या उपशाला. म्हणून 1 युनिट विजेत 3 ते 4 युनिट उष्णता हाती येते. गिझरमध्ये 1 युनिटला जेमतेम 1.

मग बेळगावात घरोघरी हे यंत्र का नाही?

चौघांच्या आंघोळीला 100 लिटर पाणी धरू. ते 20 अंशांनी तापवायला गिझर सव्वादोन युनिटांच्या वर घेतो, हीट पंप पाऊण युनिटात काम उरकतो. वर्षाला वाचतात सुमारे 600 युनिट. 7 रुपये दर धरला तर 4200 रुपये. आता खर्च बघा. जमिनीतून उष्णता घ्यायची तर बोअर मारायचा, त्यात प्लास्टिकच्या नळीचा वेढा सोडायचा, भोवती भराव घालायचा. बोअरच्या दर मीटरमागे उष्णता मिळते ढोबळमानाने 50 वॅट. वरची तांबडी माती आणि जांभा लवकर संपतो, खाली काळा कातळ लागतो, आणि बोअरवाला पैसे फुटावर घेतो. यंत्राची किंमत वेगळीच. वर्षाच्या 4200 रुपयांत हे फिटायला किती वर्षं लागतील?

स्वीडनमध्ये तो बोअर परवडतो, कारण तिथे बाहेर उणे 15 अंश असताना जमीन 6-8 अंशांवर असते. एवढ्या फरकासाठी लोक पैसे मोजतात. आपल्याकडे हा फरक पहाटेचा, फार तर 10 अंशांचा. दुपारी हवाच 28 अंशांवर जाते, जमिनीपेक्षा गरम! मग कातळ फोडायचा कशाला? हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बोअरशिवाय चालतो. बेळगावच्या घराला मी तोच सुचवीन. मात्र घराजवळ बारमाही विहीर असेल तर तिचं पाणी यंत्रातून फिरवून परत विहिरीत सोडता येतं. तिथे नवा बोअर लागत नाही.

खरी गरज मला दिसते ती वसतिगृहांत. 100 मुलं, प्रत्येकी 20 लिटर, म्हणजे रोज 2000 लिटर गरम पाणी. गिझरवर 46 युनिट जातात, हीट पंपावर 13-14. महिन्याला हजारेक युनिट वाचतात. बऱ्याच गच्च्यांवर सोलर आहेच, पण जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडे ऊन दिसत नाही. त्या चार महिन्यांत मुलं गार पाण्यानं अंघोळ करतात, नाहीतर मागच्या अंगणात लाकडं जाळून बंब पेटतो आणि स्वयंपाकघराच्या बाईंचे डोळे धुरानं चुरचुरतात. पावसाळी हवेतही 20-22 अंशांची ऊब असते. यंत्राला तेवढी पुरे.

एकच करायचं. यंत्र पहाटे लावायचं नाही. दुपारी 12 ते 4 चालवायचं आणि टाकीला जाड आवरण घालायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मुलं बादल्या घेऊन येतील, तेव्हा पाणी गरमच असेल.