सरासरीतली नऊ शेतं

सोयाबीन वाळलंय, शेंगा खुळखुळतायत. शेतात चार खुंट्या ठोकल्यात, दोरी ताणलीय, बाजूला वजनकाटा. कृषी खात्याचा माणूस आहे, विमा कंपनीचा आहे, शेतकरी आहे आणि बघायला अर्धं गाव. दोरीच्या आतलंच पीक कापायचं, झोडायचं, दाणे मोजायचे. कुठलं शेत घ्यायचं ते कुणाच्या मर्जीवर नसतं, रँडम नंबरनं आधीच ठरतं. याला म्हणतात पीक कापणी प्रयोग. अशा शेतांच्या आधारे मंडळाची, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाची, सरासरी काढतात आणि ती उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे विम्यासाठी आधीच ठरवलेल्या उत्पादनाच्या, खाली गेली तर या हिशोबानं विमा मिळतो.

आता त्याच गावातलं एक घर. दहावीची पोरगी बीजगणिताचं पुस्तक उघडून बसलीय, सहावा धडा, सांख्यिकी. पेपर 40 मार्कांचा, हा धडा शेवटचा, म्हणून बरेच जण सूत्रं पाठ करून मोकळे होतात. त्यात मध्य आणि मध्यक, फरक एका 'क'चा. (नावं ठेवणाऱ्यानं पोरांचा थोडा तरी विचार करायचा होता.) मध्य म्हणजे आपली साधी सरासरी, मध्यक म्हणजे सगळ्यांना लहान ते मोठं असं ओळीत उभं केल्यावर बरोब्बर मधे येतो तो, आणि बहुलक म्हणजे ज्याची गर्दी सगळ्यात जास्त.

समजा एका मंडळात 40 शेतं मोजली, हेक्टरी किती क्विंटल ते. 0 ते 5 मधे 9 शेतं, 5 ते 10 मधे 5, 10 ते 15 मधे 4, 15 ते 20 मधे 14 आणि 20 ते 25 मधे 8. आकडे आपण सोयीसाठी घेतलेत. पण एक गोष्ट बघा, टेबल केलं त्या क्षणी आपण खरी माहिती फेकून दिली. त्या 9 शेतांत कुणाला 1 क्विंटल झालं, कुणाला 4, आता कळायला मार्ग नाही. मग आपण काय करतो, सगळ्यांना अडीच धरतो, म्हंजे वर्गमध्य. तसं करत गेलं की बेरीज येते 535, भागिले 40, मध्य 13.375. गृहीतमध्य पद्धत काय किंवा मध्यप्रमाण विचलन पद्धत काय, उत्तर हेच येतं, फक्त गुणाकार छोटे होतात, त्यामुळे घाबरायचं काम नाही.

मार्क जातात ते मध्यकात. 40 चे निम्मे 20, म्हणून विसावं शेत शोधायचं. संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतची एकूण शेतं, लिहीत जा: 9, 14, 18, 32. 18 शेतं 15 च्या आतच संपली, म्हणजे विसावं 15 ते 20 च्या वर्गात. आता सूत्रात संचित वारंवारता कुठली टाकायची, 18 की 32? निम्मी पोरं इथं 32 टाकतात. अरे पण 18 जण मागे राहिले, अजून 2 च पावलं जायचंय ना, आणि या वर्गात 14 जण सारख्या अंतरावर उभेत असं धरायचं. मग 14 पैकी 2 गुणिले वर्गाची रुंदी 5, येतात 0.71. ते 15 मधे मिळवा, 15.71. एवढंच ते सूत्र आहे, एकदा दिसलं की पाठ करायला लागत नाही. बहुलकही असाच शेजारच्या वर्गांकडे बघून सरकतो, येतो साधारण 18.1.

शेतं तीच, पण उत्तरं 13.4, 15.7 आणि 18.1. मध्य सगळ्यात खाली का? तळातली 9 शेतं त्याला ओढतायत. पण उंबरठा जर 12 असेल, तर एवढं ओढूनही सरासरी वरच, आणि या हिशोबानं त्या 9 जणांना विमा नाही. 'माझं शेत गेलं तरी पैसे का नाहीत' ही तक्रार तुम्ही गावात ऐकली असेल, त्याचं गणित हे असं. उंबरठासुद्धा सरासरीच असते, मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 घेऊन काढलेली, पुढे तिला जोखीमस्तराच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या संरक्षणाच्या, टक्क्यानं गुणतात.

कापणीची ही पद्धत देशात बसवणाऱ्यांत एक आपला माणूस होता. साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं बुध गाव, तिथं 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1940 च्या दशकात त्यांचा दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला, तोही कापायच्या तुकड्याच्या मापावरून! महालनोबिस बंगालात अगदी लहान तुकडे कापायचे. सुखात्मे म्हणाले, तुकडा लहान घेतला की काठावरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. म्हणजे सरासरी कशी काढली याच्याही आधी दोरी कुठं ताणली हा प्रश्न होता.

पोरगी आता वृत्तालेखावर, म्हणजे वर्तुळाच्या फाका करून आकडे दाखवतात त्यावर, आलीय. 40 शेतांचे 360 अंश, एका शेताला 9. कोनमापक ठेवून ती पहिली फाक काढते, 81 अंशाची, त्या 9 शेतांची, आणि लाल पेन्सिलनं भरते. मग 45, 36, 126, 72. बेरीज करून बघते, 360 येते का.