चौकट ठेवायची की काढायची?

सातारा, राजवाड्यापासून पाच मिनिटांवरची पेठ. खालून टेम्पो गेला की वरच्या मजल्यावरची तावदानं अशी खडखडतात की काकू बोलता बोलता थांबतात, टेम्पो गेला की वाक्य पुढे चालू. मुलगा म्हणतो सगळ्या खिडक्या काढून यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, बसवू, काकू म्हणतात सासऱ्यांनी करून घेतलेलं सागवान आहे, भंगारात जायचं नाही.

मग मिस्त्री आले. काचेकडे बघितलंच नाही ओ त्यांनी, आधी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि झडपेच्या खालच्या पट्टीत खुपसला. रस्त्याकडच्या चार खिडक्यांत टोक शिरेना. "ह्या तुमच्या नातवाला बी पुरतील." पण पश्चिमेच्या दोन, जिथं पाऊस थेट मारतो, तिथं टोक बोटभर आत अन् भुसा बाहेर.

मग उदबत्ती. पंखा बंद, खिडकी बंद, आणि फटीजवळ धरली तर धूर एकदम आडवा. वाऱ्याला वाट आहे म्हणजे आवाजालाही आहे, फट तशीच ठेवून डबल काच लावली तर पैसे पाण्यात, आधी रबराची पट्टी.

डबल काच म्हणजे दोन काचा, मध्ये कोंडलेली कोरडी हवा, आणि कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तसलेच. सील गेलं की आतून धुकं धरतं, ते पुसता येत नाही, युनिटच बदलायचं. म्हणून काच बसवायची तेलाची पुट्टी इथं चालत नाही, ती सील खाते.

खरी अडचण जाडीची. जुनी काच 3 मिमी, ती बसते ती खाचही तेवढ्याच हिशोबाची. 4-6-4 चं युनिट, म्हणजे 4 ची काच, 6 ची पोकळी, परत 4 ची काच, 14 मिमी. खाच खोल करायला लाकूड पाहिजे, इथं झडप 35 मिमीची आहे म्हणून जमतंय, नाहीतर विषय संपला होता. आणि वजन! मिलीमीटरमागे चौरस मीटरला अडीच किलो, म्हणजे साडेसात किलोचे थेट वीस, जुन्या बिजागऱ्या लोंबणारच.

पश्चिमेच्या दोन मात्र चौकटीसकट जाणार, चुन्याची भिंत थोडी फुटेल, इलाज नाही. तिथं यूपीव्हीसी, पण बिजागरीवर उघडणारी, सरकणारी नको, तिच्यात ब्रशची फट राहतेच.

काच पुण्याहून यायचीय. तोवर चारही खिडक्यांना प्लायवूड ठोकलंय, काकूंनी भरदुपारी ट्यूब लावलीय आणि लाईट बिलाचा हिशोब मिस्त्रींकडे मागतायत.