स्वतःची स्टाईल कशी सापडते? आधी जुनी चित्रं जमिनीवर मांडा

नमस्कार मंडळी. मागे खडखडाट ऐकू येत असेल तर तो पॉवरलूमचा आहे. आमच्या गल्लीत तो दिवसभर असतो. तो थांबायची वाट बघत बसले तर हा व्हिडिओ व्हायचाच नाही.

गेल्या महिनाभर तुम्ही एकच प्रश्न विचारताय. ‘ताई, हात बरा बसलाय, पण चित्रात मी दिसत नाही. स्वतःची स्टाईल कशी सापडते?’ त्यात सध्या ते ‘तीस दिवसांत सिग्नेचर स्टाईल’चं चॅलेंज सगळीकडे फिरतंय, आणि त्यात मलाही टॅग केलंय. मी ते करणार नाही. का, ते पुढे सांगते.

आधी पायाच्या गोष्टी, भराभर. रोज काढा. स्केचबुक पिशवीत ठेवा. थोरामोठ्यांची चित्रं कॉपी करा, त्यात लाज नाही, कॉपीनं हात तयार होतो. फक्त खाली कुणावरून केलं ते लिहा. प्रमाण, पर्स्पेक्टिव्ह, छायाप्रकाश हे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून ऐकत आलोय सगळे. झालं.

आता जिथं बहुतेक जण अडकतात ती पायरी. तुमची जुनी चित्रं काढा, कपाटातली, पलंगाखालची, फसलेली, अर्धवट सोडलेली, सगळी. जमिनीवर मांडा. आणि समोर जे आहे तेवढंच वहीत लिहा. ‘हे छान जमलंय’ लिहायचं नाही, ‘हे वाईट’ लिहायचं नाही, ‘यातून माझं एकटेपण दिसतं’ हे तर मुळीच लिहायचं नाही. ‘खालचा चौथा हिस्सा गडद’, ‘माणसं पाठमोरी’, ‘आकाश नाही’ असं लिहायचं. पंचनामा करतात ना, तसं. अर्थ नंतर.

सोपं वाटतं, पण हे फार अवघड आहे. आपल्याला आपल्याच चित्राबद्दल मत न देता दोन मिनिटंही बसवत नाही. तुम्ही पाठवलेल्या यादीत ‘चेहरा बिघडला’ असतं. अहो, बिघडला म्हणजे काय झालं? डोळे मोठे झाले? नाक आलंच नाही? ते लिहा.

माझंच सांगते. मी सुरुवातीची चार-पाच वर्षं धुक्यातली झाडं काढायची. हिरवीगार दरी, ओलं आकाश, सुचिपर्णी झाडांची रांग. परदेशी व्हिडिओ बघून शिकले होते. सोलापुरात जन्म माझा, मी ते झाड जवळून बघितलेलं नव्हतं. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, द्यायचे आणि तो पसरायच्या आत वाळून जायचा. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर, पत्र्याची खोली, वर पंखा. ओल्यावर ओला रंग टाकायचा म्हणतात, इथं पहिला हात कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीची बाजू सुकलेली. मग रंगाची कडक कड उमटायची. मी ती चूक समजत होते. कागद भिजवून घेतला, ग्लिसरीन घातलं, पहाटे चारला उठून काम केलं. एका शिबिरात मला सांगितलं गेलं, ‘तुझ्या रंगांना मऊपणा नाही, तुला पेन्सिलच बरी.’ घरी येऊन रंगांचा डबा माळ्यावर टाकला, आठ महिने काढला नाही.

नंतर चित्रं मांडली तेव्हा वहीत पहिली ओळ आली ती हीच: ‘सगळ्या रंगांना कड आहे.’ चूक नाही, बरोबर नाही, आहे. आणि खिडकीतून बघितलं तर दुपारी एकला आमच्या गल्लीत सगळ्यालाच कड असते हो. भिंतीची सावली चाकूनं कापल्यासारखी पडते. मी जे लपवायला धडपडत होते ते बाहेर रोज दिसत होतं.

दुसऱ्या बाजूनं बघा. तुमच्या रंगांच्या ट्यूब बघा. कुठली सगळ्यात आधी संपते? माझी यलो ऑकर आणि पांढरा. सॅप ग्रीनची ट्यूब झाकण अडकेपर्यंत तशीच पडून. मी मात्र सगळ्यांना ‘मला हिरवा फार आवडतो’ सांगत होते. आवडत असेलही. पण हात पिवळ्या मातीकडे जात होता, ज्वारी काढल्यानंतरच्या रानाच्या रंगाकडे. आवडीबद्दल आपण स्वतःलाही सांगोवांगीचं सांगतो. ट्यूब चेपलेली असते, तिला विचारा.

इथे एका दादांच्या कमेंटबद्दल बोलते. ते म्हणाले, ‘सोलापूरच्या आहात तर चादरीची नक्षी टाका ना चित्रात, लगेच ओळख होईल.’ दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी हे करून बसलेय, आणि त्याची गोष्ट सांगायलाच हा व्हिडिओ करतेय.

माझी आत्या टॉवेलच्या कडा शिवायचं काम करते. त्या दिवशी ती जेवण झाल्यावर आत आली, जमिनीवरच्या चाळीसेक चित्रांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘सगळ्यांना काठ हाय की गं.’ मी बघितलं. खरंच. जवळजवळ प्रत्येक चित्राच्या तळाला एक आडवी पट्टी. कधी राखाडी, कधी मातकट, कधी नुसती रिकामी. धुक्याच्या झाडांनासुद्धा! मी हे कधी ठरवलं नव्हतं.

आणि मी लगेच अर्थ लावला. काठ म्हणजे चादर, चादर म्हणजे सोलापूर, म्हणजे माझी मुळं. सहा मोठे कॅनव्हास केले, तळाला चादरीची नक्षी, मोजूनमापून. सहाही मेलेली चित्रं. [एक कॅनव्हास कॅमेऱ्यासमोर धरते] हे त्यातलं एक. रेषा सरळ आहे, रंग नीट बसलाय, आणि आत कुणी नाही. आत्यानं काठ म्हटलं ते तिच्या डोळ्यानं. मी तिचा शब्द उचलला आणि स्वतःचं बघणं बंद केलं. वहीत ‘तळाला आडवी पट्टी’ एवढं लिहून थांबायला हवं होतं.

ती पट्टी काय होती ते कळायला दीड-दोन वर्षं गेली. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज मिरवत निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वर उंच काठ्या. मी नेहमीसारखी गच्चीवरून स्केच करत होते, आणि हात थांबला. कारण कागदावर सगळ्यात आधी मी कठडा काढला होता. गच्चीचा कठडा! लहानपणी मला दमा होता. गल्लीत कापसाचे तंतू उडायचे, डॉक्टरांनी खाली खेळायला मना केलं होतं. मी सगळं बालपण त्या कठड्यावर हनुवटी टेकवून बघितलंय. क्रिकेट, लग्नाच्या वराती, गणपती, सगळं वरून, थोडं लांबून, आणि मध्ये सिमेंटची एक पट्टी.

[थांबते] मला हे बोलताना अजून घशाशी येतं.

त्यानंतर माझ्या चित्रांमध्ये काय बदललं? पट्टी तीच राहिली. फक्त ती आता कुठून आली ते मला माहीत आहे, म्हणून कुठे ती हवी आणि कुठे मी जिना उतरून खाली जायला हवं, हे ठरवता येतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा पट्टीशिवायचं चित्र केलं, मंगळवार बाजारातलं, माणसांच्या खांद्याच्या उंचीवरून. त्याला तीन महिने लागले.

काही जण विचारतात, माझ्या मिरवणुकीच्या चित्रांत चेहरे का नाहीत. वरून चेहरे दिसत नाहीत, टोप्या आणि खांदे दिसतात. पण या निमित्तानं चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्याबद्दल सांगते, कारण ते आपल्या जिल्ह्यातले. १९१५ साली पंढरपुरात जन्म. आई ते अगदी लहान असताना गेली, तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. पुढे मदर तेरेसांवरची त्यांची चित्रमालिका बघा: निळ्या काठाची पांढरी साडी आहे, कुशीत मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागी पोकळी. स्टाईल हवी म्हणून चेहरा पुसलेला नाही तो. नुसता बिनचेहऱ्याचा माणूस उचलून आपल्या चित्रात ठेवला तर ती पोकळी आपली होत नाही. मी ठेवून बघितलाय, शिकत असताना.

आता त्या तीस दिवसांच्या चॅलेंजकडे येते. चित्रकार सय्यद हैदर रझा, जन्म १९२२, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातलं बाबरिया. शाळेत लक्ष लागत नव्हतं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस. रझा १९५० ला फ्रान्सला गेले, तिथली गावं रंगवली, चर्च रंगवली, नाव मिळालं, पैसा मिळाला. आणि तो ठिपका, बिंदू म्हणून, त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला १९८० च्या सुमारास. साठीला आले होते ते! तीस दिवसांचं तक्त्याचं कॅलेंडर बघून जी पोरं ‘माझं अजून काही सापडलं नाही’ म्हणून मला रात्री मेसेज करतात, त्यांच्यासाठी मला जीव तुटतो. एक मुलगी तर बारावीत आहे. बाळा, तू अजून कठड्याशीच उभी आहेस, बघू दे की तुला नीट.

तिसऱ्यांदा सांगते, कारण कमेंटमध्ये पुन्हा हेच येणार आहे. यादी करताना अर्थ लावू नका. आई विचारेल, मित्र सांगतील, मी सांगेन. आमचा शब्द वहीत घेऊ नका. ‘तळाला पट्टी.’ पूर्णविराम. मग वही मिटा, आणि महिनाभर चित्रं काढत राहा. नव्या चित्रांत तीच गोष्ट आपोआप आली तर तिच्यापुढे खूण करा. आलीच नाही तर सोडून द्या.

शेवटची कमेंट. लातूरच्या एका ताई विचारतात, ‘माझ्याकडे नऊच चित्रं आहेत, बाकीची लग्नाआधी माहेरी राहिली आणि रद्दीत गेली. पुरतील का?’ पुरतील ताई. गेलेल्यांतलं जे आठवतं तेही वहीत लिहा, दहाव्या पानापासून. मांडताना सकाळी मांडा, सरळ ऊन पडू देऊ नका. आणि पंखा बंद करा, नाहीतर कागद उडतात.