एकाच भुलीत किती शस्त्रक्रिया?

[दृश्य: ऑपरेशन थिएटरबाहेरची खोली. खुर्चीत ताठ बसलेली स्त्री. गालावर, पापण्यांवर जांभळ्या शाईच्या रेघा.]

सकाळचे साडेसात. भूल अजून दिलेली नाही. पेशंट सरळ बसली आहे, नजर समोर आहे आणि सर्जन मार्करने चेहऱ्यावर खुणा करताहेत. या खुणा बसवूनच करायच्या. माणूस आडवा झाला की गालाची कातडी कानाकडे घसरते, भुवया वर सरकतात, हनुवटीखालची झोळ नाहीशी होते. म्हणजे जे दुरुस्त करायचं तेच टेबलावर दिसेनासं होतं.

आज तीन कामं आहेत: भुवया उचलणं, चारही पापण्या, आणि गाल-मान वर ओढून बसवणारा फेसलिफ्ट. महिना-दीड महिन्यापूर्वी याच खुर्चीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. भूल देणारच आहात, तर नाकही त्याच दिवशी उरकून घेऊ का?

प्रश्न रास्त आहे. भूल एकदाच, थिएटरचा खर्च एकदाच, रजा एकदाच. हा खर्च विम्यातून मिळत नाही, आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटीही लागतो. तेव्हा एका फेरीत काम व्हावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण शस्त्रक्रियांची अशी नुसती बेरीज होत नाही. नाकातला किरकोळ त्रास गालाच्या टाक्यांना महागात पडतो, भुवईचा एक सेंटिमीटर पापणीचं गणित बिघडवतो.

[दृश्य: घड्याळ. भूलतज्ज्ञ मॉनिटरच्या तारा जोडताहेत.]

आधी वेळेचा हिशेब. चार पापण्यांना दीड-दोन तास. फेसलिफ्ट आणि मानेला तीन ते पाच. भुवयांना साधारण तास. नाकाला दोन-तीन तास. चारही एकत्र केली की आठ तास सहज ओलांडतात. सहा तासांनंतर शरीर वेगळ्या अडचणी दाखवू लागतं. थिएटरच्या गारव्यात शरीराचं तापमान 36 अंशांच्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणून गरम हवेचं पांघरूण लागतं. पिंढऱ्यांमधलं रक्त साकळू नये म्हणून पायांना आलटून-पालटून दाब देणाऱ्या पट्ट्या बांधतात. टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू यांच्याखाली गाद्या, आणि लघवीची नळी. आणखी एक गोष्ट यंत्रावर दिसत नाही. सातव्या तासाला सर्जनचा हात पहिल्या तासासारखा राहत नाही.

वेळ वाचवण्यासाठी दोन जण दोन जागी काम करतात, आणि ते चांगलंही असतं. फक्त कोणता भाग कोणाच्या हातात आहे आणि ते दोघं शेवटपर्यंत थिएटरमध्ये असतील का, हे आधी ठरलेलं हवं. सोलमध्ये 2016 साली जबड्याच्या हाडाची शस्त्रक्रिया करून घेणारा एक तरुण रक्तस्रावानंतर दगावला. मुख्य सर्जन त्याच वेळी दुसऱ्या पेशंटांवरही काम करत होते. ते उघड झालं थिएटरमधल्या कॅमेऱ्यामुळे. दक्षिण कोरियात 25 सप्टेंबर 2023 पासून, बेशुद्ध पेशंटवर शस्त्रक्रिया होते त्या थिएटरमध्ये कॅमेरा सक्तीचा आहे.

[दृश्य: सुईतून भरलं जाणारं औषध. फळ्यावर आकडे.]

आता सुईचा हिशेब. पूर्ण भूल दिली तरी कातडीखाली लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अॅड्रेनलिन टोचतातच, कारण अॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी जातं. अॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोला 7 मिलिग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला 420. ही मर्यादा अख्ख्या पेशंटसाठी एकच असते, प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी निराळी मिळत नाही. फेसलिफ्टला दोन्ही बाजूंना मिळून 120 मिलिलिटर द्रावण गेलं आणि ते अर्ध्या टक्क्याचं असेल, तर तिथेच 600 मिलिग्रॅम झाले. पाव टक्क्याचं केलं तर 300. उरलेल्या 120 मध्ये भुवया आणि पापण्या भागवायच्या. नाक आलं की पुन्हा ओढाताण. म्हणून दुसऱ्या गालाचं इंजेक्शन पहिला गाल संपत आल्यावर देतात. औषध अंगात एकदम जात नाही, आणि अॅड्रेनलिनचा असरही काम चालू असताना ताजा राहतो.

तो असर उतरतो तेव्हा आकसलेल्या वाहिन्या पुन्हा उघडतात. खरा रक्तस्राव बरेचदा टाके घालून झाल्यावर सुरू होतो, तो असा.

[दृश्य: भुवईखाली मोजपट्टी.]

क्रमात एक गोष्ट हलत नाही. भुवई आधी, वरची पापणी नंतर. भुवई खाली उतरलेली असली की पापणीवर कातडी जास्त दिसते. ती सगळी कापून टाकली आणि मग भुवई वर नेली, तर पापणी अपुरी पडते आणि झोपेत डोळा उघडा राहतो. रात्रभर उघड्या राहिलेल्या डोळ्याचं बुबुळ सुकतं, त्याला इजा होते. भुवईच्या खालच्या कडेपासून पापण्यांच्या केसांपर्यंत साधारण 20 मिलिमीटर कातडी राहिलीच पाहिजे. कापायच्या आधी चिमटीत धरून मोजतात, परत मोजतात. उरलेली जास्तीची कातडी पुढे केव्हाही काढता येते. काढलेली परत लावायची तर कानामागून कलम आणावं लागतं.

खालच्या पापणीचं माप त्याहून नाजूक. एखादा मिलिमीटर जास्त गेला तरी पापणी खाली ओढली जाते आणि बुबुळाखालचा पांढरा भाग दिसू लागतो. आधीच सैल असलेली पापणी तर बाहेर उलटते. म्हणून तपासणीत खालची पापणी बोटाने ओढून सोडतात. झटकन जागेवर बसली तर ठीक. डोळा मिचकावल्यावरच परत जात असेल, तर बाहेरच्या कोपऱ्यात आधाराचा टाका घातल्याशिवाय पुढे जायचं नाही.

[दृश्य: कानापुढचा छेद, आकृतीतून. कातडीचा थर उचलला जातो.]

फेसलिफ्टमध्ये नुसती कातडी ओढत नाहीत. तिच्याखाली स्नायू आणि तंतूंचा एक थर असतो, त्याला स्मास म्हणतात. 1976 साली मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. ताण त्या थरावर घ्यायचा आणि कातडी सैल हाताने शिवायची. कातडीवरच ताण दिला तर व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते. चेहरा हलवणारी नस या थराच्या खालून जाते. मानेवर, कानाच्या भोकापासून साडेसहा सेंटिमीटर खाली, कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस असते. या शस्त्रक्रियेत सर्वाधिक दुखावते ती हीच. तिला इजा झाली तर कानातली डुलं अडकवताना पाळी बधिर लागते.

उचललेली कातडी जगते ती चेहऱ्याच्या मधल्या भागाकडून येणाऱ्या रक्तावर. सगळ्यात लांबचं टोक कानामागे, म्हणून काळं पडलं तर आधी तिथे पडतं. सिगारेट आणि तंबाखू आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद, ते याचसाठी. निकोटीनने बारीक वाहिन्या आकसतात, आणि त्या टोकाला पर्यायी रस्ताच नसतो. उचललेल्या कातडीवर त्याच दिवशी खोल लेझर किंवा पील (रसायनाने कातडीचा वरचा थर सोलणं) हेही नको. खालून रक्त तोडलं आणि वरून भाजलं, तर ती कातडी बिचारी जगणार कशी? आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला लेझरनंतर डाग पडण्याची धास्ती वेगळीच.

रक्तपुरवठ्याचा हा धडा पुण्यात फार पूर्वी गिरवला गेला होता. ब्रिटिश फौजेसोबत असलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक टिपूच्या सैन्याने कापलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. त्याची हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी लगेच कापायची नाही, साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची, असं त्यात नोंदवलं आहे. नव्या जागेचं रक्त मिळू लागेपर्यंत जुनं तोडायचं नाही.

[दृश्य: नाकातली कापसाची पट्टी, शोषण नळी, उलटीचं भांडं.]

आता नाक. नाकाच्या शस्त्रक्रियेत रक्त घशात उतरतं, तिथून पोटात. पोटातलं रक्त मळमळ आणतं. एकट्या नाकाच्या पेशंटला एखादी उलटी झाली तर फारसं बिघडत नाही. पण गालाची कातडी नुकतीच उचलून बसवली असेल, तर उलटीचा एक जोर रक्तदाब वर नेतो आणि गालाखाली रक्त साठतं. म्हणून घशात पट्टी ठेवतात, ती मोजून घालतात आणि मोजून काढतात. उठवण्याआधी पोट शोषून रिकामं करतात, उलटीविरोधी औषध आधीच दिलेलं असतं. जागं होताना खोकला येऊ नये ही भूलतज्ज्ञाची कसोटी. त्यातच एक पेच: श्वास कमी पडला तर तोंडावर मास्क घट्ट दाबावा लागतो, आणि खाली आत्ताच बसवलेलं नाकाचं हाड असतं.

शिवाय नाकाचं हाड कापलं की सूज थेट पापण्यांत उतरते. पापण्या सुजलेल्या, नाक पट्टीने बंद, डोकं फडक्यात. उठल्यावर पेशंटला दिसत नाही, नाकाने श्वास घेता येत नाही. तिला हे आधी सांगितलेलं नसेल तर ती घाबरते, आणि घाबरलं की रक्तदाब चढतो.

आमचं मत स्पष्ट आहे. भुवया, पापण्या आणि फेसलिफ्ट एकत्र जमतात, किंबहुना भुवया आणि पापण्या एकत्रच ठरवाव्यात. नाकाची जोडी हनुवटीशी चांगली जमते, कारण हनुवटी मागे असली की नाक आहे त्याहून मोठं दिसतं, आणि दोन्ही एकाच बाजूच्या फोटोवर मोजता येतात. नाक आणि फेसलिफ्ट एका दिवशी करणारे सर्जन आहेत, होतंही नीट. पण एकूण वेळ सहा तासांच्या पुढे जात असेल, रक्तदाब गोळ्यांनी जेमतेम आवरत असेल किंवा झोपेत घोरताना श्वास थांबत असेल, तर नाक पुढच्या वेळी. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

[दृश्य: रात्र. खाटेचं डोकं वर केलेलं. नर्स दोन बोटं दाखवते.]

पहिली रात्र. नर्स बोटं दाखवून विचारते, किती? ही विचारपूस सुरुवातीला दर पंधरा-वीस मिनिटांनी व्हायला हवी. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्त साठणं फार दुर्मीळ, पण डोळा टणक लागला, बाहेर आला, दुखू लागला, अंधुक दिसू लागलं, तर हातात दीड-दोन तासच असतात. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करायचा आणि ते तिथेच, खाटेवरही. म्हणूनच डोळ्यांवर बँडेज बांधत नाहीत.

गालाकडेही लक्ष असतं. एकाच बाजूला वाढत जाणारी कळ, ताठरलेला गाल, अस्वस्थपणा म्हणजे आत रक्त साठतंय. हे बहुधा पहिल्या 24 तासांत होतं, पुरुषांत आणि उच्च रक्तदाबवाल्यांत जास्त. वेदनाशामकाची मात्रा वाढवत बसायचं नाही. बँडेज सोडून बघायचं आणि गरज पडली तर त्याच रात्री परत थिएटर.

डोळ्यांना गार पट्ट्या हव्यात, पण उचललेल्या गालावर बर्फ नको, कारण तिथली कातडी बधिर असते आणि गारठून भाजली तरी कळत नाही. डोकं वर हवं, पण डोक्याखाली दोन उशा रचल्या तर हनुवटी छातीकडे वळते आणि मानेच्या कातडीला घडी पडते. त्यापेक्षा खाटच तीस-चाळीस अंशांत वर करायची.

पापण्यांचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात, कानापुढचे त्याच सुमाराला, कानामागचे दहा ते चौदा दिवसांनी. नाकही त्याच दिवशी केलं असेल तर सातव्या दिवशी वरची पट्टी निघते, आणि इथे एक अडचण येते जिचा विचार आधी कोणी केलेला नसतो. पापण्यांमुळे दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स घालता येत नाहीत, आणि नाकाच्या हाडावर चार-सहा आठवडे चष्मा टेकवता येत नाही. नंबर मोठा असेल तर चष्म्याचा पूल पट्टीने कपाळाला चिकटवून अधांतरी ठेवावा लागतो.

[दृश्य: आरशासमोर चष्मा. कपाळावर पांढरी पट्टी.]