कंपनीचा की लोकल? एल्व्हिसच्या बीएमडब्ल्यूची जुळवाजुळव

(दृश्य : म्युनिक. बीएमडब्ल्यू संग्रहालयाचा हॉल.)

२०१४ च्या जुलैमध्ये म्युनिकच्या बीएमडब्ल्यू संग्रहालयात एक गाडी मांडली होती. रंगाची पार रया गेलेली. बॉनेटखाली तिचं इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. मागचा अ‍ॅक्सलही तिचा नाही. आत डॅशबोर्डची दैना. नव्या गाड्यांच्या झगमगाटासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने स्वतःच्या घरात असलं लक्तर का टांगावं? कारण तिचा चेसिस नंबर होता ७००७९.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. लष्करी गणवेशातला एल्व्हिस प्रेस्ली, शेजारी गाडी.)

ऑक्टोबर १९५८ मध्ये रॉक-अँड-रोल गायक एल्व्हिस अमेरिकी सैन्यातला शिपाई म्हणून जर्मनीत उतरला. छावणी फ्रीडबर्गला, मुक्काम जवळच बाड नाउहाइमला. डिसेंबरमध्ये त्याने फ्रांकफुर्टमध्ये ही बीएमडब्ल्यू ५०७, म्हणजे दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार, घेतली. कोरी नव्हती ती. आधी गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी वापरलेली, आणि हान्स श्टुक या नामांकित रेसरने घाटातल्या शर्यतींत पळवलेली. रंग पांढरा. चाहत्या मुली त्या पांढऱ्या पत्र्यावर लिपस्टिकने निरोप लिहून जायच्या, म्हणून वैतागून त्याने गाडी लाल करून घेतली, असं सांगतात. हा लाल रंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यावं लागणार आहे.

एल्व्हिसची नोकरी १९६० मध्ये संपली आणि गाडी अमेरिकेत पोचली. १९६२ मध्ये ती अलाबामातल्या एका रेडिओ निवेदकाने घेतली. त्याला हवी होती शर्यतीची गाडी. त्याने बीएमडब्ल्यूचं इंजिन उतरवलं, शेव्रोलेचं आठ सिलिंडरचं व्ही-एट बसवलं, आणि ते मावावं म्हणून पुढच्या बाजूची चौकट कापली.

आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या माणसाला नावं ठेवायची घाई नको. १९६२ साली ही कुणाच्या लेखी ऐतिहासिक वस्तू नव्हती. उत्पादन बंद पडलेली एक महागडी परदेशी गाडी, इतकंच. ५०७ सगळ्या मिळून बनल्या अडीचशेच्या आसपास, १९५९ पर्यंत. तिचा सुटा भाग अलाबामात मागायचा कुणाकडे? शेव्रोलेचं इंजिन मात्र गावोगाव मिळत होतं, आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्रीही.

१९६८ मध्ये गाडी कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरकडे आली. स्वतः दुरुस्त करायचं त्याच्या मनात होतं. दशकं गेली, गाडी भोपळे साठवायच्या गोदामात पडून राहिली. पण एक काम त्याने नेटाने केलं : या गाडीचे सुटे भाग जमेल तिथून गोळा केले. पुढे म्युनिकमधल्या बीएमडब्ल्यूच्याच कारागिरांकडे गाडी सोपवताना त्याचा आग्रह एकच होता. शक्य तेवढं जुनंच राखा. बदलण्याआधी दुरुस्त होतं का बघा.

(दृश्य : कार्यशाळा. टेबलावर मांडलेले जुने भाग.)

आपल्या गॅरेजात मिस्त्री विचारतो, "कंपनीचा टाकू की लोकल?" जुन्या जर्मन गाडीच्या बाबतीत हा प्रश्न असा सरळ राहत नाही. कंपनीचा भाग म्हणजे नेमका कुठला? त्या काळी बनलेला आणि तेव्हापासून खोक्यातच राहिलेला कोरा माल? दुसऱ्या गाडीचा काढलेला? की कंपनीने आज, जुन्या नकाशावरून पुन्हा बनवलेला? तिन्ही 'ओरिजनल' म्हणून विकले जातात. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

५०७ च्या यंत्राचं त्यातल्या त्यात बरं. तिचं ३.२ लिटरचं, १५० अश्वशक्तीचं अ‍ॅल्युमिनियम व्ही-एट काही आकाशातून पडलं नव्हतं. बीएमडब्ल्यूच्या ५०२ या मोठ्या सेदान गाडीच्या इंजिनाचं ते भावंड. फरक आहेत, पण कूळ एक. त्यामुळे म्युनिकमध्ये सुटे भाग जमवत नवं इंजिन उभं करता आलं. हरवलेलं इंजिन परत मिळालं, असं कुणी म्हटलं नाही, आणि ते बरंच केलं.

खरी कसोटी पत्र्याची. आल्ब्रेख्ट फॉन ग्योर्ट्झ याने रेखलेली ही बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, हाताने ठोकून जुळवलेली. त्यामुळे एक ५०७ दुसरीसारखी तंतोतंत नाही. एका गाडीचं कडक छप्पर दुसरीवर नीट बसत नाही. म्हणजे जगात कुठे ५०७ चं बॉनेट विकायला निघालं, तुम्ही घर गहाण टाकून ते आणलं, तरी ते तुमच्या गाडीचं नाही. ते तुमच्या गाडीचं करून घ्यावं लागतं, पुन्हा हातोडी घेऊन.

(दृश्य : मानहाइम. वेटेरामा बाजार. जमिनीवर पसरलेले दिवे, डायनॅमो, हबकॅप.)

असा माल मिळतो कुठे? जर्मनीत मानहाइमचा वेटेरामा, जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार. वेटेरामात दुकानं कमी आणि पथाऱ्या जास्त. इथे मुरलेला माणूस आधी भाव विचारत नाही. तो भाग उलटा करतो.

कारण खरी गोष्ट पाठीमागे लिहिलेली असते. व्हीडीओ या जर्मन कंपनीचा स्पीडोमीटर असेल तर डायलच्या मागे महिना आणि वर्ष. बॉशच्या भागांवर तारखेची खूण. पोलादी रिमवर महिना-सालाचा ठसा. काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का. बोल्टच्या डोक्यावर कामाक्स या बोल्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव. हो, बोल्टसुद्धा. पोर्शे ३५६ ही जुनी स्पोर्ट्स कार सजवणारे लोक बोल्टच्या डोक्यावरची अक्षरं बघून माल घेतात. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. मलाही थोडा वाटतो.

पण त्याच ३५६ मध्ये एक सोय आहे, ती मात्र वेडेपणाची नाही. दरवाजे, पुढचं झाकण, मागचं झाकण यांच्या आतल्या कडेला चेसिस नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. आकडे जुळले तर दरवाजा जन्मापासून त्याच गाडीचा. नाही जुळले, तर तो कधीतरी दुसरीकडून आला. पत्रा मूकपणे साक्ष देतो. अर्थात आकडे ठोकायचे पंच बाजारात मिळतात. म्हणून जाणकार आकड्यांचं वळण बघतात, खोली बघतात, आकड्यांच्या खाचेत जुना रंग आहे का ते नखाने चाचपतात.

आणि कोऱ्या मालाचं एक दुखणं कुणी विकताना सांगत नाही. रबर. साठ वर्षं खोक्यात राहिलेलं रबर नवं नसतं, नुसतं न वापरलेलं असतं. दाराची पट्टी वाकवली की चिरते. ब्रेकचा होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. लोखंड, पितळ, बेकेलाइट, काच हे जुनं घ्यावं, जरूर घ्यावं. ब्रेकचं रबर आणि टायर मात्र आजचेच हवेत. त्या काळच्या टायरवर ताशी शंभरच्या वेगाने जाणं याला मी निष्ठा म्हणणार नाही.

जर्मन सरकारलाही या 'जुनं म्हणजे काय' प्रश्नात उतरावं लागलंय. तिथे १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या गाडीला नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं, करात सवलत मिळते. अट अशी की गाडी बऱ्यापैकी मूळ रूपात हवी. तपासणारा तज्ज्ञ गाडीखाली वाकून बघतो. बदल केलेला असला तरी तो त्या काळाला धरून आहे का, हे त्याला ठरवायचं असतं.

(दृश्य : थ्रीडी प्रिंटर. थर चढत जातो.)

भाग मिळतच नसेल तर? ५०७ च्या काचा वर-खाली करायच्या मुठी आणि दाराची हँडलं म्युनिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर बनवली गेली. पोर्शेनेही हाच रस्ता धरला. ९५९ ही गाडी तीनशेहूनही कमी बनली. तिच्या क्लचच्या एका लिव्हरसाठी जुनी ओतकामाची सगळी तयारी पुन्हा करणं परवडेना, तेव्हा धातूची भुकटी लेझरने वितळवून तो भाग थराथराने उभा केला.

शुद्धतावादी नाक मुरडतात. मला मात्र अशी मूठ त्या बाजारातल्या संशयास्पद हँडलपेक्षा सरळ वाटते. ती म्हणते, मी २०१५-१६ ची आहे, मापाला तंतोतंत आहे, कागदावर माझी नोंद आहे. ज्या हँडलची तारीख कुणीतरी घासून नवी ठोकलीय, ते काय म्हणतं?

(दृश्य : रंगकाम. उघडा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.)

आता तो लाल रंग. गाडी पुन्हा उभी करायची तर कुठल्या दिवसाची? कारखान्यातून निघाली तेव्हा पांढरी. एल्व्हिसने घेतली तेव्हा पांढरी. पण त्याच्याच हातात असताना ती लाल झाली, म्हणजे लालही तितकाच खरा. म्युनिकने पांढरा निवडला. २१ ऑगस्ट २०१६ ला कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या सोहळ्यात गाडी त्याच रंगात लोकांसमोर आली. मला विचारलं असतं तर मी लालकडे झुकलो असतो. पांढऱ्या ५०७ आणखीही आहेत, लिपस्टिकमुळे रंगवलेली एकच.

(दृश्य : गुडवुड, इंग्लंड.)

याच्या अगदी उलट टोकाची एक ५०७ आहे. मोटरसायकल शर्यतींचा विश्वविजेता जॉन सर्टीस याला ती १९५७ मध्ये एमव्ही आगुस्ता या मोटरसायकल कंपनीच्या मालकाकडून मिळाली. २०१७ मध्ये तो वारला, तोवर ती त्याच्याचकडे. २०१८ मध्ये गुडवुडच्या लिलावात तिला अडतीस लाख पौंडांहून जास्त किंमत आली. तिच्यासाठी कुणाला बाजार पालथे घालावे लागले नाहीत. पण तीही कारखान्यातून निघाली तशी नाही. आल्यावर काही काळाने सर्टीसने बीएमडब्ल्यूचा इंजिनिअर अलेक्स फॉन फाल्केनहाउझेन याच्याबरोबर तिच्यावर काम केलं आणि ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक आणले. भागांची यादी हातात घेऊन बसणारा परीक्षक त्यावर फुली मारेल. ते काढून मूळ ड्रम बसवा असं कुणी सुचवलंच, तर मी तरी त्याच्या हातात पाना देणार नाही.