लाकडी टॉपवॉटर लुअर: रंग शेवटी, आधी शिसं

लाकडाचा तुकडा पाण्यात टाकला की तरंगतो, त्यात काही विशेष नाही. पण तो आडवा तरंगणार की शेपूट खाली बुडवून तोंड वर करून बसणार, एका कुशीवर कलंडणार का, गळाच्या दोरीला, म्हणजे लाइनला, झटका दिला की वळणार की नुसता फरफटत येणार, हे सगळं ज्याच्यावर ठरतं ते शिसं त्याच्या पोटात असतं आणि एकदा रंग चढला की ते कुणालाच दिसत नाही. आज आपण हाताने बनवलेला टॉपवॉटर लुअर बघणार आहोत, म्हणजे पाण्याच्या वरच राहणारा, वरच उड्या मारणारा, खालून माशाने येऊन पकडायचा असा गळाला लावायचा नकली लाकडी मासा.

ही कला जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावात जेम्स हेडन नावाचा माणूस 1890 च्या दशकात लाकडाचे बेडूक कोरायचा, पुढे त्याच कुटुंबाची लुअरची कंपनी झाली. त्यांचा झारा स्पूक नावाचा लुअर आजही विकला जातो, तो प्लॅस्टिकचा आहे पण त्याच्या आधीचा झारागोसा लाकडाचाच होता. प्लॅस्टिकमध्ये साच्यातून निघालेले हजार नग एकसारखे असतात. लाकडात तसं नाही, एकाच फळीतून कापलेले दोन तुकडे वजनाला वेगळे भरतात, म्हणून हाताने बनवणाऱ्याला प्रत्येक नगाचा बॅलन्स नव्याने बघावा लागतो. काम वाढतं खरं, पण मजाही त्यातच आहे.

आता लाकूड कुठलं घ्यायचं. बाल्सा सगळ्यात हलकं, एका घन सेंटिमीटरला साधारण 0.15 ग्रॅम. सीडर 0.35 च्या आसपास, बासवूड 0.4, आणि मेपल घेतलं तर 0.65 च्या पुढे जातं. बाल्साचा लुअर पाण्यावर एकदम चपळ असतो पण नख लागलं तरी खड्डा पडतो, आणि दातवाला मासा लागला की मग बघायलाच नको. मेपल दणकट, पण त्यात शिसं टाकायला जागाच उरत नाही, लाकूडच इतकं जड. म्हणून बरेच जण सीडरवर येऊन थांबतात, आणि मला विचाराल तर पहिल्या लुअरसाठी तेच बरं.

फळीच्या बाजूवर आणि वरच्या अंगावर पेन्सिलने आकार काढायचा, लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने ठेवायचे, गाठ असेल तर तो तुकडा बाजूला. हुक आणि शिशाच्या भोकांची मधली रेघ आत्ताच मारून घ्यायची, चौकोनी तुकड्यावर ती सरळ मारता येते, गोल झाल्यावर अंदाजपंचे काम होतं. मग करवत, चाकू, कानस, आणि पॉलिश पेपर 120 चा, 220 चा, शेवटी 400 चा. लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कोरायचं यंत्र, असेल तर हेच काम झटपट होतं, पण लेथवर आकार गोलच निघतो, चपटं पोट किंवा बारीक कंबर हवी असेल तर हात चालवावाच लागतो.

इथून पुढचा भाग नीट बघा, कारण खरा लुअर इथे बनतो.

हा तुकडा 11 सेंटिमीटर लांब आहे, जाडी मधोमध 2 सेंटिमीटर, म्हणजे आकारमान साधारण 25 घन सेंटिमीटर धरू. एक घन सेंटिमीटर पाणी 1 ग्रॅम भरतं, म्हणून पूर्ण बुडायला त्याचं एकूण वजन 25 ग्रॅम व्हावं लागेल. आपल्याला तो पाऊण बुडालेला हवा, म्हणजे सगळं धरून 19 ग्रॅमच्या आसपास. सीडरचं लाकूड 9 ग्रॅम, दोन ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) आणि ते अडकवायच्या स्प्लिट रिंग (छोट्या कड्या) मिळून 5, या कड्या लाकडाला धरून ठेवणारे स्क्रू 1, वरचा रंग आणि इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट लेप) आणखी 1. उरले 3 ग्रॅम, तेवढंच शिसं. ते शिसं म्हणजे 6 मिलिमीटरच्या ड्रिलने केलेलं जेमतेम 9 मिलिमीटर खोल भोक. हाच लुअर बाल्साचा केला असता तर शिसं 8 ग्रॅम लागलं असतं आणि ते एका भोकात मावलंच नसतं, दोन-तीन भोकं पाडावी लागली असती. आता हा हिशोब कागदावरचा आहे, तो तुम्हाला फक्त जवळपास आणून सोडतो, बाकी बादली सांगते.

बादलीत टाकायच्या आधी लाकडाला सीलरचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाचा, एक हात हवाच, नाहीतर लाकूड पाणी पितं आणि दर मिनिटाला वजन बदलत राहतं. हुक आणि रिंग लावूनच टाकायचा, कारण नुसत्या लाकडाचा बॅलन्स बघून काय उपयोग, हुक लावल्यावर तो वेगळाच होणार. शिशाची तार पोटाला रबर बँडने बांधायची आणि मागेपुढे सरकवत राहायचं. हे बघा, तार मधोमध आहे, लुअर सपाट पडलाय. आता दोन बोटं मागे सरकवली, शेपूट खाली गेलं, तोंड पाण्याच्या वर आलं. अजून थोडी मागे, आता जवळजवळ 45 अंशात उभा आहे. वजन तेवढंच, बदलली फक्त जागा, आणि आधीचा लुअर आणि हा लुअर पाण्यात एकमेकांना ओळखणार नाहीत. जागा पसंत पडली की पेन्सिलने खूण. एक बारीक गोष्ट, बाहेर बांधलेलं शिसं स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतं, आत गेल्यावर ते होत नाही, त्यामुळे तेच शिसं आत गेलं की लुअर किंचित खाली बसतो. म्हणून आत टाकताना थोडंसं कमी टाकायचं.

कुठल्या लुअरला कसं बसवायचं हे त्याच्या कामावर आहे. डावी-उजवी नागमोडी चाल करणारा पेन्सिल लुअर शेपटीकडे जड ठेवतात, तोंड वर असलं की लाइनला हलका झटका आणि लगेच ढील दिली की तो एका बाजूला सरकतो, पुढच्या झटक्याला दुसऱ्या. पॉपरचं तोंड वाटीसारखं खोलगट कोरलेलं असतं, तोही शेपूट खाली ठेवूनच बसायला हवा, मग ओढला की वाटी पाणी पकडते आणि भुडुक करून उडवते. प्रोपेलरवाल्या लुअरला मात्र उलट, दोन्ही टोकांना पाती असतील तर तो सपाटच बसला पाहिजे, शेपटीत वजन टाकलं की पुढची पाती हवेत फिरणार, मग त्या पात्यांचा आवाज कुणासाठी? आणि मागे वजन असण्याचा आणखी एक फायदा, लांब फेकताना लुअर शेपूट पुढे करून सरळ जातो, हवेत कोलांट्या खात नाही. समुद्रावर वाऱ्यात फेकणाऱ्यांना याची किंमत कळते.

मागेपुढे झालं, आता खालीवर. शिसं पोटात जितकं खाली, तितका लुअर ताठ. बोटाने त्याला कुशीवर दाबा आणि सोडा, टपकन सरळ झाला पाहिजे. सावकाश डुलत सरळ होत असेल तर शिसं वर राहिलंय, आणि सरळ होऊनही एका बाजूला कललेलाच असेल तर भोक मधल्या रेघेवर पडलेलं नाही. काही कारागीर मुद्दाम शिसं थोडं वर ठेवतात, म्हणजे चालताना लुअर कूस दाखवतो आणि चमक मारतो. ते छान दिसतं, पण आधी सरळ बसणारा बनवायला शिका.

शिसं बसवताना हातमोजे घाला, आणि वितळवणार असाल तर उघड्यावर, घरात अजिबात नाही, शिसं विषारी आहे. भोकात शिसं, वर इपॉक्सी आणि लाकडाचा भुसा कालवून भरलं, घासलं, की झालं. हुकच्या स्क्रूच्या भोकातही इपॉक्सीचा थेंब टाकायचा, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत शिरतं, लाकूड फुगतं आणि रंगाला तडा जातो. मोठ्या समुद्री माशांसाठी स्क्रूवर भरवसा ठेवत नाहीत, पोटातून खाच पाडून तोंडापासून शेपटीपर्यंत स्टीलची अखंड तार घालतात, लाकूड फुटलं तरी मासा तारेला लागलेला राहतो.

रंगाबद्दल फार बोलत नाही. जाळी गुंडाळून एअरब्रश मारला की खवले उमटतात, डोळे चिकटवले की लुअर जिवंत वाटतो, आणि दुकानात तोच हातात घेतला जातो. पण खालून वर बघणाऱ्या माशाला उजेडाच्या समोर पोटाचा काळपट आकार आणि पाण्यातली हालचाल एवढंच जास्त दिसतं, पाठीवरची नक्षी बघायला त्याला वरून यावं लागेल! वरच्या कोटिंगचा मात्र विचार करावा लागतो. फिनलंडच्या लौरी रापालाने 1936 मध्ये कॉर्कचा लुअर केला तेव्हा त्याने वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला, हाताशी होतं ते वापरलं. आता दोन भागांचं इपॉक्सी मिळतं, ते लावून लुअर हळूहळू फिरणाऱ्या मोटरवर कित्येक तास ठेवतात, नाहीतर ते ओघळून पोटाशी गोळा होतं आणि इतक्या मेहनतीने जमवलेला बॅलन्स तिथेच बिघडतो.

वाळल्यावर परत बादली. बसण्याचा कोन तोच आला तर ठीक, एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला असेल तर मागचा हुक एक साइज लहान-मोठा करून जमवता येतो. हे लुअर वापरणाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण लोक गंजलेला हुक काढून हाताला येईल तो जाड हुक लावतात आणि मग म्हणतात लुअर पहिल्यासारखा चालत नाही. मूळ हुकचा साइज आणि पूर्ण वजन पोटावर बारीक अक्षरात लिहून त्यावर इपॉक्सी मारलं की हा प्रश्न मिटतो.