जपानी हत्यारं घेताना आधी रेघ बघा, मग धार

मंडळी, जपानी टूल्सचा विषय निघाला की सगळ्यांची नजर आधी करवतीवर जाते, मग पटाशीवर, आणि पट्टी, गुण्या (काटकोन आखायचं हत्यार), पेन्सिल हे कुठेतरी शेवटी उरलेल्या पैशात. माझं म्हणणं अगदी उलट आहे. रेघ एक मिलिमीटर जाड असेल तर अर्धा मिलिमीटर पात्याची करवत घेऊन काय करणार, रेघेच्या अलीकडे कापू की पलीकडे हेच कळत नाही. म्हणून आज मी पट्टीपासून सुरू करतो, करवतीला शेवटी येऊ.

स्टीलची पट्टी. जपानमध्ये नीगाता प्रांतात सान्जो म्हणून गाव आहे, शेजारच्या त्सुबामेसकट तो सगळा पट्टा धातूकामाचा, शिन्वा ही मापनाच्या टूल्सची कंपनी तिथलीच. पट्टी घेताना त्यावर जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाचा उल्लेख आणि क्लास, म्हणजे अचूकतेची पातळी, बघा. पहिल्या क्लासच्या एक मीटर पट्टीत फरक चालतो ०.२० मि.मी., अर्ध्या मीटरपर्यंत ०.१५. आता खरं सांगू का, साध्या पट्टीतही लांबीची चूक डोळ्याला दिसेल इतकी सहसा नसते, त्रास होतो तो चमकण्याचा. लाइटखाली चकचकीत पट्टी तिरकी धरून आकडे शोधत बसायचं म्हणजे वैताग. मॅट क्रोम फिनिशच्या पट्टीवर काळे कोरलेले आकडे कुठल्याही कोनातून दिसतात, आणि जादा पैसे मी त्यासाठी देतो. दुसरं, शून्य अगदी टोकावर पाहिजे. टोकाला मोकळी जागा सोडून मग शून्य सुरू होत असेल तर आतल्या कोपऱ्यात ती पट्टी बिनकामाची.

टेपचं गणित वेगळं आहे. जेआयएस पहिल्या क्लासच्या टेपला पाच मीटरवर ०.७ मि.मी. इकडेतिकडे चालतं, दुसऱ्या क्लासला पूर्ण १ मि.मी. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे सगळं २० अंश तापमान धरून आहे आणि पोलाद तापलं की वाढतं, पाच मीटर टेप वीस अंशांनी तापला की तो एक मिलिमीटरपेक्षा जास्त लांब होतो, म्हणजे क्लासचा फरक उन्हातच गिळला गेला. त्यामुळे महागडा टेप घेतला की विषय संपला असं नाही, एका कामावर मोजायला आणि कापायला एकच टेप वापरायचा, दोन माणसांनी दोन टेप काढले की तिथेच घोळ. आणि टेपचा हुक हलतो म्हणून तो खराब आहे असं समजून ठोकून घट्ट करणारे महाभाग मी पाहिलेत! तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो, स्वतःच्या जाडीइतका. बाहेरून अडकवला की ओढला जातो, आतून टेकवला की दाबला जातो, आणि दोन्हीकडे माप बरोबर येतं. टेप खाली पडला की हा हुक वाकतो, तेव्हा स्टीलच्या पट्टीला लावून एकदा अडकवून आणि एकदा टेकवून बघा, दोन्ही जमलं तर ठीक, नाहीतर बदला.

आता गुण्या, इथे मी जरा रेंगाळणार आहे. जपानी सुताराचा गुण्या म्हणजे साशिगाने. एक भुजा साधारण पन्नास सेंटीमीटर, दुसरी पंचवीस, रुंदी १५ मि.मी., आणि पातळ इतका की हाताने वाकवला तर वाकतो आणि सोडला की परत सरळ. नवा माणूस हातात घेऊन म्हणतो हा कसला गुण्या, हा तर पत्रा! पण तो वाकणं गरजेचं आहे, लाकडावर बोटांनी दाबलं की पृष्ठभागाला धरून बसतो. शिवाय त्याचा आडवा छेद सपाट नसतो, मुद्दाम खळगा ठेवलेला असतो, म्हणजे तो लाकडाला पूर्ण चिकटत नाही आणि शाईने रेघ मारली तर शाई पट्टीखाली ओढली जात नाही. मागच्या बाजूला वेगळे आकडे असतात. एक स्केल १.४१४ पटीने ताणलेलं असतं, गोल ओंडक्याचा व्यास त्याने मोजला की त्यातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या चौकोनी तुळईची बाजू थेट वाचता येते, कॅल्क्युलेटर नको, काही नको. आणखी एका स्केलवर व्यास मोजला की घेर मिळतो.

पण घेताना एक बघा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेल्या काही साशिगानेवर शाकू आणि सुन यांची मापं असतात, एक सुन म्हणजे मीटरचा तेहतिसावा भाग, ३०.३ मि.मी. जपानमध्ये १९५९ पासून व्यवहारात मेट्रिक सक्तीचं झालं, तरी लाकडी घरं बांधणाऱ्यांची जुनी मापं सुटली नाहीत, म्हणून त्या पट्ट्यांवर १/३३ मीटर असं छापलेलं सापडतं. घाईत त्याला कोणी इंच समजला तर इंच २५.४ आहे, जवळपास पाच मिलिमीटरची चूक प्रत्येक सुनमागे. ऑनलाइन ऑर्डर करताना फोटो मोठा करून आकडे वाचाच.

गुण्या खरा आहे का हे दुकानातच तपासता येतं. सरळ कड असलेला बोर्ड घ्या, गुण्या कडेला टेकवून धारदार पेन्सिलने रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर नव्वद अंश, फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक. बोर्डची कड सरळ नसेल तर मात्र हा सगळा खटाटोप फुकट. साशिगानेला जाड टाच, म्हणजे कडेला अडून बसणारा भाग, नसते, तो कडेवरून घसरतो, म्हणून फिटर किंवा फॅब्रिकेशनवाल्या माणसाला मी टाचेचा गुण्याच घे म्हणतो, साशिगानेच्या नादी लागू नको.

रेघ कशाने मारायची? जुना जपानी सुतार बांबूच्या चपट्या टोकाला बारीक बारीक चिरा पाडून त्याचा शाईचा कुंचला करतो, आणि लांब रेघेला सुमित्सुबो, म्हणजे शाईत भिजलेल्या कापसातून जाणारी दोरी. आपल्याला रोजच्या कामात तेवढं नको, पण त्यामागचं कारण पक्कं धरा, शाईची रेघ खडूच्या रेघेपेक्षा बारीक आणि टिकाऊ. खडूची लाइनदोरी घेत असाल तर जपानी मॉडेलमधली बारीक विणलेल्या दोरीची घ्या, आणि दोन मिलिमीटर शिसाची पेन्सिल असेल तर टोक करायला आळस करू नका. जोडकामात मार्किंग चाकू सगळ्यात बरा, तो लाकडाचे तंतू कापतो आणि पटाशीला बसायला खाच मिळते.

कटर. तुकडे मोडून टाकायचं पातं १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी काढलं, छपाईच्या कामात ब्लेड पटकन बोथट व्हायची, आणि चॉकलेटच्या वडीचे तुकडे आणि फुटलेली काच यावरून त्यांना सुचलं. त्यातूनच ओल्फा उभी राहिली. पात्यांची मापं ९, १८ आणि २५ मि.मी., जाडी अनुक्रमे ०.३८, ०.५ आणि ०.७. फिल्म, वॉलपेपरला नऊ, बाकी साइटवर अठरा, पंचवीसचं काम क्वचित. काळं पातं जास्त तिखट असतं पण टोक लवकर उडतं, जिप्सम बोर्डवर ते वापरणं म्हणजे पैसे उधळणं, तिथे साधं पातं लावा आणि भराभर मोडत जा. लोक पातं वाचवतात आणि मग जोर लावतात, जोर लावला की घसरतं आणि बोट जातं. आणि हो, अॅल्युमिनियमच्या पट्टीला टेकवून कापू नका, कटर पट्टीलाच सोलून काढतो.

करवतीचं थोडक्यात. जपानी करवत ओढताना कापते, ओढताना पातं ताणलेलं असतं म्हणून वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं, दोझुकीचं, म्हणजे बारीक जोडकामाच्या करवतीचं, पातं तर ०.३ मि.मी.च्या आसपास. ह्योगो प्रांतातलं मिकी हे गाव यासाठी प्रसिद्ध. आजच्या बहुतेक करवतींच्या दातांची टोकं वीज वापरून कडक केलेली असतात, त्यावर कानस चालत नाही, म्हणजे धार गेली की पातं बदलायचं. त्यामुळे विकत घेताना करवत बघू नका, तिचं बदली पातं मिळतंय का ते बघा, नसेल मिळत तर स्वस्तातही घेऊ नका.

मघाशी कोणीतरी विचारलं डावखुऱ्यांनी काय करायचं. करवत, कटरला फार फरक पडत नाही, कटरचं पातं उलटं घालता येतं का एवढं बघा. पण मार्किंग चाकू, किरिदाशी, एकाच बाजूने घासलेला असतो, सपाट पाठ पट्टीला टेकली पाहिजे, उजव्या हाताचा घेऊन डाव्याने चालवला तर तो पट्टीपासून पळतो. डाव्या हाताचा वेगळा मिळतो, तोच मागा.